दहावीनंतर मुलीला क्लाससाठी बाहेर पाठवावे, की तालुक्यात ठेवूनच प्रवेश परीक्षांची तयारी करून घ्यावी?

खाडीकाठ (18 मे 2025)

नमस्कार. आम्ही राजापूर तालुक्यात खाडीच्या काठी राहतो. हापूसची सव्वाशे कलमे आणि थोडी भातशेती एवढ्यावर आमचे घर चालते. माझी धाकटी मुलगी यंदा 94 टक्के गुण मिळवून दहावी उत्तीर्ण झाली. तिची शाळा मराठी माध्यमाची असली तरी आठवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून होते. विज्ञान शाखेला जायचे हे तिचे ठरलेले आहे. पुढे डॉक्टर व्हायचे की इंजिनीअर, हे मात्र ती सकाळी एक सांगते आणि संध्याकाळी दुसरे.

निकाल लागल्यापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा सल्ला देऊन जातो. डोंबिवलीचा पुतण्या म्हणतो, कोल्हापूरला ठेवा. शेजारचे गुरुजी लातूरचे नाव घेतात. गेल्या आठवड्यात एका मोठ्या शहरातील क्लासचा माणूस थेट अंगणात येऊन बसला. दोन वर्षांची फी आणि वसतिगृह मिळून साडेतीन लाख रुपये होतील, कनिष्ठ महाविद्यालयातील प्रवेश कागदोपत्री राहील आणि मुलीला तिथे जावेच लागणार नाही, असे त्याने सांगितले. यंदा मोहोर दोनदा गळाला, फुलकिड्यांवरील फवारणीचा खर्च वाढला आणि वाशीच्या दलालाकडील हिशेब अजून पूर्ण झालेला नाही. तरीही मुलीचे भले होणार असेल तर कर्ज काढण्याची माझी तयारी आहे.

तालुक्याच्या ठिकाणचे कनिष्ठ महाविद्यालय घरापासून एसटीने पाऊण तासावर आहे. तिथला बारावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्क्यांच्या आसपास लागतो. आपला कोकण विभागही जवळजवळ दरवर्षी राज्यात पहिला येतो. मग आपल्याकडील मुले राज्याच्या सीईटीत आणि वैद्यकीयच्या नीटमध्ये मागे राहतात अशी तक्रार मी सतत का ऐकतो, हे मला उमगत नाही. या मार्गाने गेलेल्या पालकांनी किंवा विद्यार्थ्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा. यंदापासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला असल्याने पसंतीक्रम लवकरच भरावा लागणार आहे.

फळा आणि खडू (19 मे 2025)

खाडीकाठ, सर्वप्रथम कन्येचे अभिनंदन. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात 29 वर्षे भौतिकशास्त्र शिकवले असून आता निवृत्त आहे. आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मंडळाचा निकाल शंभरातील किती मुले उत्तीर्ण झाली एवढेच सांगतो, आणि त्या बाबतीत कोकणाचा पहिला क्रमांक हा आपल्या शाळांचा व पालकांच्या शिस्तीचा खरा मान आहे. सीईटीत मात्र उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण असा प्रकारच नाही. तिथे राज्यभरातील मुलांची एक रांग लागते आणि त्या रांगेतील आपले स्थान पर्सेंटाइलच्या रूपाने हाती येते. त्यामुळे महाविद्यालयाचा शंभर टक्के निकाल पाहून तिथे प्रवेश परीक्षेची तयारीही उत्तम होत असेल असे समजणे चूक आहे. तशीच तिथे ती होतच नसेल असे समजणेही चूक आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत तिथल्या किती मुलांना सीईटीत 90 च्या वर पर्सेंटाइल मिळाले, हा प्रश्न प्राचार्यांना समक्ष जाऊन विचारावा. उत्तर टाळले गेले तर तेही एक उत्तरच समजावे.

दुसरी गोष्ट सवयीची आहे. मंडळाच्या परीक्षेत आपली मुले पायऱ्या मांडून, आकृती काढून, सूत्र सिद्ध करून गुण मिळवतात. ही सवय वाईट नाही. मी स्वतः ती आयुष्यभर लावत आलो. परंतु सीईटीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही. त्यानंतरच्या 90 मिनिटांत गणिताचे 50 प्रश्न असतात आणि त्यांना प्रत्येकी दोन गुण असतात. एक उदाहरण देतो. समान वेगाने, एक वस्तू 30 अंशांच्या कोनात आणि दुसरी 60 अंशांच्या कोनात फेकली तर त्यांच्या पल्ल्यांचे गुणोत्तर किती, असा प्रश्न आला असे समजा. ज्याने सूत्र केवळ पाठ केले आहे तो दोन्ही पल्ले काढत बसतो. ज्याला त्या सूत्रात दुप्पट कोनाची ज्या (साइन) दिसते, त्याला 60 आणि 120 अंशांची ज्या सारखीच असते हे लगेच आठवते आणि तो दहा सेकंदांत पुढच्या प्रश्नावर जातो. दोघेही मुलगे हुशार असतात आणि मंडळाच्या परीक्षेत दोघांनाही पूर्ण गुण मिळतात. सीईटीत मात्र त्यांच्यामध्ये हजारो मुले येऊन उभी राहतात. ही दृष्टी एखाद्या महागड्या क्लासातच येते असे नाही, पण ती रोज घड्याळ लावून प्रश्न सोडवल्याशिवाय येत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे घड्याळच बारावीच्या परीक्षेनंतर लावले जाते.

तीन परीक्षांचे स्वरूपही एकदा नीट पाहून घ्यावे. सीईटीत उणे गुण नाहीत आणि सुमारे 80 टक्के प्रश्न बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. अभियांत्रिकीच्या देशपातळीवरील जेईई मेनमध्ये 75 प्रश्न आणि 300 गुण असतात, बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीला एक वजा होतो, आणि ज्या प्रश्नांचे उत्तर संख्येत भरायचे असते त्यांनाही आता उणे गुण लागू आहेत. नीटमध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न आणि 720 गुण. त्यांपैकी 90 प्रश्न जीवशास्त्राचे असतात. करोनाकाळात मिळालेली जादा वेळ आणि ऐच्छिक प्रश्नांची सवलत यंदापासून बंद झाली आहे. जेईई आणि नीटमध्ये अकरावीला वीसच टक्के वाटा अशी सोय नाही. दहावीच्या श्रमांनंतर अकरावी म्हणजे विसाव्याचे वर्ष, असे आपल्या मुलांना वाटते. सीईटीपुरते ते एक वेळ निभावते, पण नीटमध्ये अजिबात निभावत नाही. शिवाय सीईटीला आपली राज्य मंडळाची पुस्तके चालतात, तर नीटचे जीवशास्त्र एनसीईआरटीच्या पुस्तकावर बेतलेले असते. मुलीने नीट द्यायची ठरवली तर जीवशास्त्राची दोन पुस्तके सोबत वाचावी लागतील आणि त्यांतील मुख्य पुस्तक एनसीईआरटीचे राहील, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे.

डॉक्टर की इंजिनीअर हे आजच ठरले पाहिजे असा आग्रह धरू नये. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेता येतात. दिवाळीपर्यंत दोन्ही ठेवावेत आणि कोणत्या विषयाची वही ती सांगितल्याशिवाय उघडते ते घरच्यांनी शांतपणे पाहावे. त्यानंतर मात्र एकच परीक्षा मुख्य मानून दुसरी तिच्या आधाराने द्यावी. तिन्ही परीक्षांची एकाच जोमाने तयारी करणारी मुले मी पाहिली आहेत; त्यांच्या कपाटात पुस्तके पुष्कळ असतात.

क्लासला माझा विरोध नाही. कागदोपत्री प्रवेशाला मात्र आहे. मंडळाच्या परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राला प्रत्येकी 30 गुणांचे प्रात्यक्षिक असते, आणि प्रयोगशाळेत न गेलेल्या मुलाला पुढे अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयच्या पहिल्या वर्षात काय वाटते ते मी अनेकांकडून ऐकले आहे. बारावीच्या गुणांना आता किंमत उरली नाही, हेही खरे नाही. जेईईतून एनआयटी किंवा आयआयटीत जायचे असेल तर खुल्या गटातील मुलाला बारावीत 75 टक्के लागतात, किंवा आपल्या मंडळाच्या सर्वोत्तम 20 पर्सेंटाइलमध्ये यावे लागते.

वाशिष्ठीकाठची (19 मे 2025)

फळा आणि खडू सरांनी घड्याळाबद्दल जे लिहिले आहे ते वाचून मला माझे बारावीचे वर्ष आठवले. मी मूळची चिपळूणची. 2021 मध्ये बारावी झाले आणि लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकीची अंतिम वर्षाची परीक्षा याच महिन्यात दिली. कुठल्याही बाहेरच्या शहरात न जाता मी तयारी केली, म्हणून लिहिते आहे; पण माझा अनुभव आदर्श समजू नये, कारण त्या वर्षी काहीच नेहमीसारखे नव्हते.

आमची बारावीची लेखी परीक्षा करोनामुळे रद्द झाली. सीईटी कधी होईल ते जुलैपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. 22 जुलैला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. आमचे घर तळमजल्यावर होते. आई-बाबांना माळ्यावर चढवण्याच्या गडबडीत माझ्या दोन वर्षांच्या सगळ्या वह्या खालीच राहिल्या. पाणी ओसरल्यावर त्यांचा चिखलाचा एक गोळा झाला होता. परीक्षा सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू झाली, म्हणजे माझ्या हाती जेमतेम दोन महिने होते, आणि त्यातला पहिला महिना घर धुण्यातच गेला.

त्या अडचणीतूनच मला जी पद्धत सापडली ती सांगते. पुन्हा सगळ्या वह्या लिहिणे शक्य नव्हते, म्हणून मैत्रिणीकडून जुन्या प्रश्नपत्रिका घेतल्या आणि रोज एक अर्धी परीक्षा, म्हणजे 90 मिनिटे, घड्याळ लावून द्यायला लागले. चुकलेला प्रश्न एका पाठकोऱ्या वहीत उतरवायचा आणि त्याच्याखाली एकाच वाक्यात चुकीचे कारण लिहायचे: सूत्र आठवले नाही, एकक बदलायचे राहिले, प्रश्न अर्धा वाचला, वेळ संपला म्हणून ठोकताळ्याने खूण केली. दहा-बारा दिवसांनी ती वही चाळली तेव्हा माझ्या निम्म्याहून अधिक चुका न समजल्यामुळे झालेल्याच नाहीत, असे लक्षात आले. त्या घाईने प्रश्न वाचल्याच्या होत्या. दोन वर्षे मी ज्या धड्यांना घाबरत होते त्यांत माझे गुण फारसे जातच नव्हते. पुराने वह्या नेल्या नसत्या तर हे मला कळले असते की नाही, शंकाच आहे.

खाडीकाठ काकांनी घर एसटीने पाऊण तासावर आहे असे लिहिले आहे. जायला-यायला दीड तास, आणि थांब्यावरची वाट पाहणे वेगळे. हा वेळ वाया जातो असे समजू नये, परंतु चालत्या गाडीत गणित सोडवण्याचा हट्टही धरू नये. घाटातल्या वळणांवर मळमळण्याशिवाय काही होत नाही. रसायनशास्त्रातील नामकरण, अभिक्रियांची नावे आणि जीवशास्त्रातील आकृत्या एवढ्यासाठी तो वेळ उत्तम आहे. रेंजबद्दल मात्र आधीच विचार करावा. ऑनलाइन तासिका पाहण्यासाठी संध्याकाळी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, जाऊन बसणारी मुले माझ्या वर्गात होती, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो सडाही उपयोगाचा नसतो. शक्य असेल तिथे तासिका आधी उतरवून घ्याव्यात. केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाने आयआयटी कानपूरच्या मदतीने ‘साथी’ नावाचे विनामूल्य संकेतस्थळ सुरू केले आहे. त्यावर जेईई आणि नीटचे व्हिडिओ व सराव चाचण्या आहेत. माझ्या वेळी ते नव्हते, माझा धाकटा भाऊ सध्या वापरतो.

आणखी एक. आपल्याकडे गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेले असते आणि शिमग्यात पालखी दारात येते. त्या दिवसांत अभ्यास करणार असे ठरवून न करण्यापेक्षा ते दिवस वेळापत्रकातून आधीच काढून टाकलेले बरे. शिमगा तर नेमका बारावीच्या लेखी परीक्षेच्या सुमारास येतो. माझ्या आजीने तेव्हा पालखी येईपर्यंत मला खोलीत बसवले, पालखी आली तेव्हा बाहेर बोलावले आणि ओटी भरून झाल्यावर पुन्हा आत पाठवले.

देवगडची आई (20 मे 2025)

मी या विषयावर लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. आमच्या मुलाला आम्ही 2022 मध्ये दहावीनंतर लगेच परराज्यातील एका शहरात क्लाससाठी ठेवले होते. क्लासचे नाव सांगणार नाही, कारण तिथेच शिकून उत्तम ठिकाणी लागलेली मुलेही मला माहीत आहेत.

तिथे दर पंधरा दिवसांनी चाचणी होत असे आणि गुणांनुसार तुकडी बदलत असे. सुरुवातीला तो वरच्या तुकडीत होता, ऑगस्टमध्ये एक पायरी खाली आला आणि ऑक्टोबरमध्ये आणखी एक. गुण कमी झाल्याचे त्याने कधी सांगितले नाही. फोनवरचे बोलणे मात्र आखडत गेले. आधी जेवणाबद्दल तक्रार करायचा, पुढे तक्रारही करेनासा झाला, आणि मी मूर्खासारखी समजले की आता तो रुळला. दिवाळीत घरी आला तेव्हा चार दिवस समुद्रावर जाऊन बसत होता. पाचव्या दिवशी परतीचे तिकीट असल्याची आठवण यांनी करून दिली तेव्हा तो काही बोलला नाही, फक्त रडला. आम्ही त्याला परत पाठवले नाही.

त्यानंतरचा त्रास अभ्यासाचा कमी आणि कागदपत्रांचा अधिक होता. ज्या महाविद्यालयात त्याचे नाव होते ते आमच्यापासून दोनशे किलोमीटरवर होते. बदली घ्यायला आम्हाला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. इथल्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी त्याला ब्युरेट कसा धरायचा ते ठाऊक नव्हते आणि वर्गातली मुले हसली. भरलेल्या फीपैकी आम्हाला काही परत मिळाले नाही. अशा बाबींसाठी केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग संस्थांकरिता मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी परत करावी आणि 16 वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. आमच्या वेळी त्या नव्हत्या. खाडीकाठ यांच्या कन्येचे वय दहावीनंतर पंधरा की सोळा, हे त्यांनी आधी पाहावे आणि अंगणात आलेल्या माणसाला त्याबद्दल सरळ विचारावे.

मुलाने बारावी इथेच केली, नीटचा नाद सोडला, सीईटी दिली आणि आता तो दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात वानिकीच्या पहिल्या वर्षात आहे. झाडांबद्दल इतके बोलतो की ऐकून कान किटतात. कोणाचेही मूल बाहेर पाठवू नये असे माझे म्हणणे नाही. माझी पुतणी कोल्हापुरात राहून शिकली, दर शनिवारी घरी येत होती आणि आनंदात होती. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, मुलाला वाटले तर किती तासांत घरी येता येईल यात मोजावे.

खाडीकाठ (21 मे 2025)

सर्वांचे मनापासून आभार. देवगडच्या ताईंचे लिहिणे मी मुलीला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, “बाबा, मला रत्नागिरीपर्यंत चालेल, त्यापुढे नको.” कर्जाचा विचार मी सध्या बाजूला ठेवला आहे. ती नोव्हेंबरमध्ये सोळा वर्षांची होईल, हे मी अंगणात आलेल्या माणसाला फोनवर सांगितले. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.

दोन शंका राहतात. रत्नागिरीत ठेवायचे तर तिथेही खोली, खानावळ आणि क्लास मिळून खर्च होणारच; तो करण्याइतका फरक तालुक्यात आणि रत्नागिरीत पडतो का? दुसरी शंका अशी की आम्ही कुणबी आहोत, मुलीचा जातीचा दाखला आहे, पण पडताळणी केलेली नाही. ती बारावीनंतर केली तर चालते, असे गावात सांगतात.

दाखलेवाला (21 मे 2025)

गावात चुकीचे सांगतात. मी गुहागर तालुक्यात महा-ई-सेवा केंद्र चालवतो आणि दर जुलैमध्ये माझ्या दुकानासमोर रडवेले पालक उभे असतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवरून प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठीचा अर्ज मुलगी अकरावी विज्ञानला असतानाच महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे करता येतो. इतर मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. कोकणात इथेच घोडे अडते. आपले आजोबा-पणजोबा गिरणीत कामाला म्हणून मुंबईत गेलेले असतात, त्यांची शाळा परळला नाहीतर गिरगावात झालेली असते, आणि गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांचे नावच सापडत नाही. मग मुंबईतल्या महापालिकेच्या शाळेतून दाखल्याचा उतारा काढावा लागतो आणि त्याला महिने लागतात. नावांतही घोळ असतो: एका कागदावर धोंडू, दुसऱ्यावर धोंडिबा. हे सगळे जुळवायला दोन वर्षे हाती असणे ही चैन नाही, गरज आहे. मराठवाड्यातली किंवा पुण्याकडची मुले हे काम अकरावीतच उरकतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र राज्याच्या प्रवेशासाठी एक आणि केंद्राच्या नमुन्यातले दुसरे, असे दोन निघतात. जेईई आणि नीटच्या अखिल भारतीय जागांना केंद्राच्या नमुन्यातलेच लागते. राज्याचे दाखवून काम भागेल असे समजू नये. अधिवासाचा दाखलाही आताच काढून ठेवावा, कारण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या असतात.

खर्चाबद्दल एक चांगली बातमी बहुतेकांना ठाऊक नसते. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै 2024 मध्ये काढला आहे. म्हणजे खाडीकाठ यांनी आज क्लाससाठी कर्ज काढले असते, आणि पुढे ज्या फीसाठी खरोखर कर्ज लागण्याची भीती होती ती माफ झाली असती! शिवाय इतर मागास प्रवर्गातील अकरावी विज्ञानच्या मुलांसाठी ‘महाज्योती’ ही शासनाची संस्था जेईई, नीट आणि सीईटीचे विनामूल्य ऑनलाइन प्रशिक्षण देते व त्यासोबत टॅबही देते. जाहिरात आली की अर्जाची मुदत थोडीच असते. दहावीची गुणपत्रिका, अकरावीच्या प्रवेशाची पावती आणि नॉन-क्रीमी लेयर तयार ठेवा.

फळा आणि खडू (22 मे 2025)

दाखलेवाला यांनी मोलाचे सांगितले. माझ्या वर्गातील एका मुलाची मुंबईतील चांगली जागा केवळ वैधतेअभावी गेली, ते मला आजही टोचते.

तालुका की रत्नागिरी, याचे उत्तर महाविद्यालयापेक्षा आठवड्यातील एका दिवसावर अवलंबून आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात चांगले शिकवणारे दोन शिक्षक असतील तर मुलीने तिथेच शिकावे, सोमवार ते शनिवार घरी राहावे आणि रविवारी रत्नागिरीत एखाद्या क्लासच्या केवळ सराव चाचण्यांच्या तुकडीत नाव घालावे. अनेक ठिकाणी अशी वेगळी तुकडी असते आणि तिची फी पूर्ण क्लासच्या तुलनेत बरीच कमी असते. परक्या मुलांमध्ये, परक्या खोलीत, संगणकासमोर बसून वेळ संपेपर्यंत पेपर सोडवण्याची सवय घरच्या ओटीवर लागत नाही. शिक्षक मात्र चांगले नसतील, विशेषतः गणिताचे पद रिकामे असेल, तर रत्नागिरी गाठावी. आपल्याकडे तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक सत्र सुरू होऊन दोन महिने झाले तरी आलेले नसतात, हे लपवण्यात अर्थ नाही. सीईटीचा गणिताचा पेपर केवळ इंग्रजीत असतो, हेही लक्षात ठेवावे. मुलगी सेमी-इंग्रजीतून आली असल्याने तिला ते जड जाऊ नये.

पुढच्या वाटांची माहितीही तिला आताच द्यावी, म्हणजे एका परीक्षेवर सगळा भार पडत नाही. अलिबाग आणि सिंधुदुर्ग येथे 2021 पासून आणि रत्नागिरीला 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा संपूर्ण कोकण किनाऱ्यावर मुंबई सोडल्यास यांपैकी एकही नव्हते.

खाडीकाठ (2 जून 2025)

सरांच्या सांगण्याप्रमाणे तालुक्याच्या महाविद्यालयात जाऊन आलो. भौतिकशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या मॅडम कायम नोकरीत आहेत आणि त्यांनी सीईटीचे आकडे न विचारता दाखवले. आकडे फार मोठे नाहीत, पण त्यांनी लपवले नाहीत. गणिताचे पद रिकामे आहे. म्हणून पहिली पसंती रत्नागिरीची आणि दुसरी तालुक्याची असा क्रम भरायचे ठरवले आहे. रत्नागिरीत माझ्या मावसबहिणीचे घर आहे; मुलगी तिच्याकडे राहील आणि शनिवारी दुपारच्या गाडीने घरी येईल. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवणार आहोत.

पाऊस यंदा मे महिना संपायच्या आतच आल्याने शेवटची पेटी भरायची राहून गेली आणि फळ झाडाखाली कुजले. मात्र त्यामुळे मला मोकळा वेळ मिळाला. आमच्या आजोबांची शाळा परळलाच झाली होती. उतारा काढण्यासाठी डोंबिवलीच्या पुतण्याला काल फोन केला. कोल्हापूरचा सल्ला न मानल्यामुळे तो थोडा नाराज आहे, पण गुरुवारी सुट्टी घेऊन शाळेत जाईन म्हणाला.